आधी काटा तपासा: आयपर्फ३ च्या सॉकेट-कोडमध्ये हात कसा घालावा

दोन ऑफिसांमधली १ गिगाबिटची लीज्ड लाइन. यूडीपीची (पोच न घेता पॅकेटं सोडणाऱ्या पद्धतीची) चाचणी लावली की दर वेळी अडीच-तीन टक्के पॅकेटं गायब. आम्ही दोन दिवस लाइन देणाऱ्या कंपनीच्या डोक्यावर बसलो होतो. तिसऱ्या दिवशी त्यांचा इंजिनियर वैतागून फोनवर म्हणाला, "साहेब, आमच्या स्विचवर एकही पॅकेट पडलेलं नाही. तुमचा सर्व्हरच गिळत नाहीये ना, ते एकदा बघून घ्या."

बघितलं. सर्व्हरच गिळत होता. पॅकेटं नेटवर्क कार्डापर्यंत सुखरूप पोहोचत होती. पुढे कर्नल (लिनक्सचा गाभा) ती सॉकेटच्या (प्रोग्रॅमला नेटवर्कशी जोडणाऱ्या टोकाच्या) बफरमध्ये टाकायला जायचा, बफर भरलेला असायचा, आणि कर्नल ती गुपचूप फेकून द्यायचा. मोजणाऱ्या टूलला फक्त क्रमांक गाळलेले दिसत होते, म्हणून त्यानं इमानदारीत ‘लॉस’ छापला. आम्ही वजनकाटा न तपासता भाजीवाल्याशी भांडत होतो. माफीचा फोन मलाच करावा लागला.

तेव्हापासून ट्रॅफिक तपासणाऱ्या टूलचा सॉकेट-कोड वाचायची सवय लागली. तो कुठे चुकतो, चूक पकडायची कशी आणि पॅच कसा तयार करायचा, हे इथे आयपर्फ३ या नेटवर्कचा वेग आणि गळती मोजणाऱ्या टूलच्या उदाहरणावरून क्रमानं लिहितो. सी वाचता येत असेल आणि लिनक्स हाताशी असेल तर एवढ्या भांडवलावर भागतं. फंक्शनांची आणि कमांडची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगनं करा.

कोडची तोंडओळख

आयपर्फ३ अमेरिकेतल्या ईएसनेटचं आहे. लॉरेन्स बर्कली नॅशनल लॅबोरेटरीकडून चालवलं जाणारं हे संशोधन-नेटवर्क. जुन्या आयपर्फचा कोड न घेता त्यांनी हे टूल पहिल्यापासून नव्यानं लिहिलं, त्यामुळे आयपर्फ२ चा क्लायंट आयपर्फ३ च्या सर्व्हरशी बोलू शकत नाही. बाय डीफॉल्ट पोर्टसुद्धा वेगळे: दोनचं ५००१, तीनचं ५२०१. परवाना बीएसडी पद्धतीचा आहे, म्हणजे कोड घेऊन हवी ती मोडतोड करायला मोकळीक.

वाचायला सुरुवात नेट डॉट सी या फाइलपासून करा. फाइल छोटी आहे आणि सगळी पाळंमुळं तिथेच आहेत: जोडणी करणारं ‘नेटडायल’, ऐकत बसणारं ‘नेटअनाउन्स’, आणि बाइट आणणारी-पाठवणारी ‘एनरीड’ व ‘एनराइट’. त्यानंतर आयपर्फ टीसीपी आणि आयपर्फ यूडीपी या दोन फाइली. सर्व्हर आणि क्लायंट एपीआयच्या मोठ्या फाइली शेवटी उघडा, नाहीतर तिथेच दिवस जातो.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. चाचणी यूडीपीची असली तरी एक टीसीपी (पोच घेत, क्रमानं बाइट पोहोचवणारं) कनेक्शन कायम चालू असतं, ते म्हणजे कंट्रोल कनेक्शन. क्लायंट त्यावर आधी ३७ बाइटची कुकी पाठवतो. मग दोन्हीकडून एकेका बाइटमध्ये ‘आता पॅरामीटर दे’, ‘आता स्ट्रीम उघड’, ‘चाचणी संपली’ अशा खुणा होतात. पॅरामीटर आणि निकाल जेसनमध्ये जातात, आणि त्याआधी ४ बाइटमध्ये त्या जेसनची लांबी. खरा माल वेगळ्या सॉकेटांवरून वाहतो. त्यामुळे कुठलाही बग हाती आला की पहिला प्रश्न हाच: अडकलंय ते कंट्रोलवर की डेटावर?

२०२३ च्या अखेरीस आलेल्या ३.१६ पासून प्रत्येक डेटा-स्ट्रीमला स्वतंत्र थ्रेड मिळाला. त्याआधी सगळ्या स्ट्रीम एकाच थ्रेडमधल्या ‘सिलेक्ट’च्या (कुठलं सॉकेट तयार आहे ते सांगणाऱ्या कॉलच्या) लूपवर फिरायच्या. नेटवर सापडणारे बरेच सल्ले त्या जुन्या काळचे आहेत. एखादा सल्ला उचलण्याआधी तो कुठल्या आवृत्तीबद्दल आहे ते बघून घ्या.

लॅपटॉपवरच दोन यंत्रं उभी करा

खऱ्या नेटवर्कवर सॉकेटचा बग शोधायला जाऊ नका. तिथे रोज वेगळं हवामान असतं. लिनक्समध्ये नेटवर्क नेमस्पेस वापरून एकाच यंत्रावर दोन यंत्रांचं नाटक उभं करता येतं.

पहिल्यांदा ‘आयपी नेटएनएस अ‍ॅड’ या कमांडनं दोन नेमस्पेस करा. मी त्यांना ‘डावा’ आणि ‘उजवा’ म्हणतो. मग ‘व्हेथ’ प्रकारची जोडी बनवा. ही आभासी केबल समजा. तिचं एक टोक डाव्यात ढकला, दुसरं उजव्यात. त्यांना १०.९.०.१ आणि १०.९.०.२ असे पत्ते द्या आणि दोन्ही टोकं ‘अप’ करा. लूपबॅकही ‘अप’ करायला विसरू नका, त्याच्यावाचून काही चाचण्या विचित्र वागतात. उजव्यात सर्व्हर चालवा, डाव्यात क्लायंट. हे सगळं एका शेल स्क्रिप्टमध्ये टाकून ठेवा, कारण ते तुम्ही शंभरदा पुसून पुन्हा मांडणार आहात.

आता या केबलला ‘टीसी’ कमांडच्या ‘नेटएम’नं विलंब आणि गळती लावता येते. मात्र इथे एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलोय. नेटएमची रांग बाय डीफॉल्ट १,००० पॅकेटांची असते. १ गिगाबिट वेगानं १,४६० बाइटची यूडीपी पॅकेटं सोडली, तर सेकंदाला सुमारे ८५,६०० पॅकेटं होतात. विलंब ५० मिलिसेकंद ठेवला, तर कुठल्याही क्षणी सुमारे ४,२८० पॅकेटं रांगेत उभी राहायला हवीत. रांग हजाराचीच असल्यामुळे बाकीची नेटएमच फेकतो, आणि तुम्ही टूलला शिव्या घालत बसता. ‘लिमिट’ २०,००० करा आणि मग सुरू करा.

दुसरी गोष्ट: व्हेथवर टीसीपीचे तुकडे ६४ केबीपर्यंतच्या ढेकळांतून फिरतात, त्यामुळे ‘१ टक्का गळती’ म्हणजे १ टक्का ढेकळं गळतात. गळतीचा अभ्यास करायचा असेल तर ‘ईथटूल’नं टीएसओ आणि जीएसओ (ही ढेकळं करणाऱ्या सोयी) बंद करा. आणि नेटएम फक्त बाहेर जाणाऱ्या दिशेला लागतो. जाता-येता दोन्हीकडे विलंब हवा असेल तर दोन्ही टोकांना लावा.

बघायला तीन खिडक्या उघड्या ठेवा. एकीत ‘एसट्रेस’ (प्रोग्रॅम कर्नलला कोणते कॉल करतो ते दाखवणारं), थ्रेडसह आणि फक्त नेटवर्कच्या कॉलसाठी. दुसरीत ‘एसएस’, ज्यात सॉकेटची मेमरी दिसते. त्या मेमरीच्या कंसात ‘डी’ पुढचा आकडा म्हणजे या सॉकेटनं फेकलेली पॅकेटं. तिसरीत ‘एनस्टॅट’, त्यात ‘यूडीपी आरसीव्हीबफ एरर्स’ नावाचा काउंटर. आमच्या लीज्ड लाइनचा गुन्हेगार याच तिसऱ्या खिडकीत सापडला होता. हा काउंटर वाढत असेल, तर लाइनवाल्याला फोन करू नका.

अर्धवट वाचन, अनंत वाट

सॉकेटचं ‘रीड’ तुम्ही मागितले तेवढे बाइट देईल अशी हमी कुणीही दिलेली नाही. हे सगळ्यांना पाठ असतं आणि तरी निम्मे बग इथेच निघतात. ३७ बाइटची कुकी मागितली आणि आधी २० आले, उरलेले १७ नंतर, असं कधीही होऊ शकतं. लॅनवर ते वर्षभर होत नाही, आणि उपग्रहाच्या लिंकवर पहिल्याच दिवशी होतं.

म्हणून एनरीडमध्ये लूप असतो: उरलेले बाइट मोजत जायचं आणि पुरे होईपर्यंत वाचायचं. लूप तपासताना चार वाटा बघा. ‘रीड’नं धन आकडा दिला तर पॉइंटर पुढे सरकवा. शून्य दिलं तर समोरच्यानं दार लावलंय, बाहेर पडा. उणे एक देऊन ‘ई-इंटर’ म्हणाला तर मध्ये सिग्नल आला होता, पुन्हा प्रयत्न करा. ‘ई-अगेन’ म्हणाला तर सध्या माल नाही. या चौथ्या वाटेत खरी अक्कल लागते, कारण डेटा-सॉकेटवर ‘ई-अगेन’ म्हणजे ‘जेवढं आलं तेवढं घेऊन परत जा’, पण कंट्रोलवर तसं केलं तर अर्धा जेसन हाती येतो. एकच फंक्शन दोन्हीकडे वापरायचं असेल, तर बोलावणाऱ्यानं परत आलेला आकडा अपेक्षेशी ताडून पाहिलाच पाहिजे. एनरीडला बोलावणारी प्रत्येक ओळ ‘ग्रेप’ करून काढा आणि कुठे नुसतं ‘शून्यापेक्षा कमी आहे का’ एवढंच बघितलंय ते शोधा. पहिल्या पॅचसाठी याहून चांगली जागा नाही.

आता उलटी बाजू. पुरे बाइट येईपर्यंत थांबायचं ठरवलं, आणि समोरच्यानं ते पाठवलेच नाहीत तर? आयपर्फ३ ला हाच फटका बसला होता. क्लायंटनं कंट्रोलवर अपेक्षेपेक्षा कमी बाइट पाठवून गप्प बसायचं, की सर्व्हर वाट बघत लटकला. सर्व्हर एका वेळी एकच चाचणी घेतो, त्यामुळे बाकी सगळ्यांना दार बंद. सप्टेंबर २०२३ च्या ३.१५ मध्ये ते दुरुस्त झालं: आता बाइट येईनात तर १० सेकंदांची मर्यादा आहे, आणि संपूर्ण वाचनाला ३० सेकंदांची.

दोन मर्यादा का, हे नीट समजून घ्या, कारण दुसरीकडे हाच कोड लिहिताना लोक एकच ठेवतात. फक्त १० सेकंदांची ठेवली, तर एखादा खोडकर क्लायंट दर ९ सेकंदांनी एक बाइट टाकत बसेल आणि प्रत्येक बाइटला तुमचं घड्याळ पुन्हा शून्यावर जाईल. म्हणून लूपच्या बाहेर एकदाच वेळ नोंदवायची आणि आत प्रत्येक फेरीला ‘एकूण किती झाले’ ते बघायचं. ही वेळ मोनोटॉनिक घड्याळाची घ्या. भिंतीवरचं घड्याळ एनटीपीनं मध्येच मागेपुढे सरकवलं की टाइमआउटचं गणित कोसळतं.

त्याच वर्षी जुलैत आलेल्या ३.१४ मधली दुरुस्ती तर वर्गात शिकवावी अशी आहे. जेसनची लांबी ४ बाइटमध्ये येते हे वर लिहिलंच आहे. सर्व्हर ती लांबी घ्यायचा, शेवटच्या शून्य-बाइटसाठी तिच्यात १ मिळवायचा आणि तेवढी मेमरी मागायचा. आता क्लायंटनं लांबी म्हणून ४,२९,४९,६७,२९५ पाठवली तर? ३२ बिटांत मावणारी ही सगळ्यात मोठी संख्या. तिच्यात १ मिळवला की गाडीच्या किलोमीटर-काट्यासारखं सगळं फिरून शून्य. मेमरी मिळते जवळजवळ काहीच नाही, आणि पुढची ओळ त्यात चार अब्ज बाइट वाचायला जाते. मधल्या एका बेरजेपायी सगळी हीप उद्ध्वस्त.

तुमच्या टूलमध्ये हे तपासायला नेमस्पेसमध्ये दहा ओळींची पायथन स्क्रिप्ट पुरते: जोडणी करा, ३७ बाइट कुकी द्या, मग नको ती लांबी द्या. दुसऱ्या फेरीत लांबी बरोबर द्या पण जेसनचे निम्मेच बाइट पाठवून झोपा. सर्व्हर अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारं साधन) लावून कंपाइल केलेला असू द्या. नेटवरून आलेल्या कुठल्याही लांबीला आधी वरची मर्यादा लावा, मग गणित करा, मग मेमरी मागा. हा क्रम बदलू नका.

१०२४ ची भिंत

‘सिलेक्ट’ला सॉकेटांची यादी बिटांच्या पट्टीच्या रूपात द्यावी लागते, आणि ग्लिबसीमध्ये (लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीत) ती पट्टी १,०२४ बिटांची आहे. "आपण कुठे हजार सॉकेट उघडणार?" असं म्हणून लोक पुढे जातात. पण मर्यादा सॉकेटांच्या संख्येवर नाही, डिस्क्रिप्टरच्या (उघड्या फाइलला किंवा सॉकेटला कर्नल देतो त्या) क्रमांकावर आहे. तीनच सॉकेट असले आणि त्यातल्या एकाचा क्रमांक १,०३० असला, तर ‘एफडी-सेट’ पट्टीबाहेरच्या मेमरीत बिट लिहितो. नशीब चांगलं असेल तर ग्लिबसीची पहारेकरी तपासणी प्रोग्रॅम तिथेच पाडते. नशीब वाईट असेल तर शेजारचा व्हेरिएबल बदलतो आणि प्रोग्रॅम तासाभरानं भलतीकडेच पडतो.

आयपर्फ३ एका चाचणीत १२८ पर्यंत समांतर स्ट्रीम घेतं. प्रत्येक स्ट्रीमला सॉकेटशिवाय आणखी एक डिस्क्रिप्टर लागतो, कारण पाठवायच्या बफरसाठी ते तात्पुरती फाइल उघडून मेमरीत मॅप करतं. तरीही एकटं चालवलं तर हजाराच्या आत भागतं. अडचण येते ती लिबआयपर्फ ही लायब्ररी दुसऱ्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये बसवल्यावर. मॉनिटरिंगच्या सर्व्हरनं आधीच हजारभर फाइली आणि कनेक्शनं उघडून ठेवलेली असतात, कुणीतरी ‘यूलिमिट’ (उघड्या फाइलींची कमाल मर्यादा) ६५,५३६ वर नेलेलं असतं, आणि आयपर्फचं पहिलंच सॉकेट १,१०० क्रमांकाचं निघतं. ज्याच्याकडे हा बग येतो त्याला तो कधीच स्वतःच्या यंत्रावर दिसत नाही.

घडवून बघणं सोपं आहे. ‘यूलिमिट’ वाढवा, छोट्या सी प्रोग्रॅममधून डेव्ह-नल १,१०० वेळा उघडा, आणि त्यानंतर लायब्ररीतून चाचणी चालवा.

उपाय सुचवताना बहुतेकांच्या तोंडी लगेच ‘ईपोल’ येतं. मी इथे ‘पोल’च सुचवतो. ईपोल फक्त लिनक्सवर आहे, आणि हे टूल फ्रीबीएसडी व मॅकओएसवरही चालायला हवं. शिवाय ३.१६ नंतर मुख्य लूपला कंट्रोल सॉकेट आणि ऐकणारी सॉकेटं एवढंच सांभाळायचं असतं. तीन-चार सॉकेटांसाठी ईपोल म्हणजे शेजारी जायला ट्रक काढणं. पोलला क्रमांकाची भिंत नाही आणि एका दुपारीत बदल होतो.

बदलताना दोन बारकावे. सिलेक्टमध्ये तुटलेलं सॉकेट ‘वाचायला तयार’ म्हणून दिसतं. पोल मात्र ‘हप’ आणि ‘एरर’ हे वेगळे झेंडे, न मागताही, वर करतो. फक्त ‘इन’चा झेंडा तपासलात तर तुटलेल्या कनेक्शनवर लूप रिकामा भणाणत राहतो आणि सीपीयू १०० टक्के. आणि बंद केलेल्या सॉकेटच्या जागी यादीत उणे एक लिहा, म्हणजे पोल त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. जुना क्रमांक तसाच ठेवला आणि तोच क्रमांक कर्नलनं दुसऱ्या फाइलला दिला, तर तुम्ही परक्याच्या दारावर पहारा देत बसाल.

बफर: मागितलं किती, मिळालं किती

लिनक्सला ‘रिसीव्ह बफर ४० लाख बाइट कर’ म्हणा. तो ‘ठीक’ म्हणून शून्य परत करेल. बऱ्याच यंत्रांवर ‘आरमेम मॅक्स’ची मर्यादा २,१२,९९२ बाइट आहे, आणि बफर तेवढाच होईल. तक्रार नाही, एरर नाही. वर आणखी गंमत: कर्नल स्वतःच्या हिशेबाच्या वह्यांसाठी आकडा दुप्पट करतो आणि ‘गेटसॉकऑप्ट’नं विचारलं की दुप्पट आकडा सांगतो, म्हणजे ४,२५,९८४.

म्हणून सेट केल्यावर परत विचारून बघायला हवं. आयपर्फ३ ते बघतं आणि मिळालेला आकडा मागितलेल्यापेक्षा लहान असेल तर चाचणी थांबवतं. पण या साध्या तुलनेला दुप्पटीचा चकवा बसतो. कुणी ४ लाख मागितले, कर्नलनं २,१२,९९२ वर कापले, दुप्पट करून ४,२५,९८४ सांगितले. ४ लाखांपेक्षा मोठे, म्हणजे पास! कामाला मात्र निम्मेच. तुमच्या टूलमध्ये लिनक्सवर तुलना करताना मिळालेला आकडा आधी दोननं भागा, आणि अहवालात मागितलेला व मिळालेला असे दोन्ही आकडे छापा. मी केलेल्या बदलांत हे सगळ्यात छोटं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं काम.

टीसीपीत बफर कधी सेट करता यालाही महत्त्व आहे. विंडो (पोच येण्याआधी वाटेत ठेवता येणारा माल) किती पटींनी मोठी सांगता येईल हे जोडणी सुरू करणाऱ्या सिन पॅकेटांतच ठरतं, नंतर बदलत नाही. क्लायंटनं ‘कनेक्ट’च्या आधी आणि सर्व्हरनं ‘लिसन’च्या आधी बफर लावलाच पाहिजे, ‘अ‍ॅक्सेप्ट’नं मिळालेलं सॉकेट तो आकडा ऐकणाऱ्या सॉकेटकडून वारशानं घेतं. पण सर्व्हरला क्लायंटची मागणी कळते ती कंट्रोल कनेक्शन झाल्यावर! आयपर्फ३ यावर सरळ तोडगा काढतं: बफर, एमएसएस (एका तुकड्याचा कमाल आकार) किंवा नो-डिले (छोटे तुकडे न साठवता लगेच पाठवणं) मागितलं असेल तर ऐकणारं सॉकेट बंद करून त्याच पोर्टवर नव्यानं उघडतं. त्या पोर्टवर कंट्रोल कनेक्शन जिवंत असल्यामुळे ‘रीयूज अ‍ॅडर’ लावलं नाही तर हे ‘बाइंड’ होणारच नाही. एसट्रेसच्या खिडकीत हा क्रम एकदा डोळ्यांनी बघा: सॉकेट, रीयूज, बफर, बाइंड, लिसन. कुणी रिफॅक्टरिंगच्या नादात बफरची ओळ लिसनच्या खाली नेली, तर कुठलीही चाचणी नापास होणार नाही, फक्त लांबच्या लिंकवर वेग मरेल.

सगळ्यांनी मोठा बफर लावावा, असा याचा अर्थ नाही. रिसीव्ह बफर हातानं लावला की लिनक्स त्या सॉकेटसाठी स्वयंचलित वाढ बंद करतो. टीसीपीला काही न सांगता सोडलं तर बहुतेक वेळा तो स्वतःच बरं करतो. १ गिगाबिट आणि १०० मिलिसेकंद फेरी असेल तर वाटेत १.२५ कोटी बाइट उभे असतात. एवढ्यासाठी आधी ‘टीसीपी आरमेम’ची कमाल मर्यादा वाढवा.

यूडीपीचं उलट. तिथे स्वयंचलित काही नाही. २,१२,९९२ बाइटमध्ये १,४६० ची जेमतेम १४५ पॅकेटं बसतात, आणि कर्नलचा प्रत्येक पॅकेटमागचा वरखर्च धरला तर त्याहून कमी. गिगाबिटच्या वेगानं हे भरायला १.७ मिलिसेकंदही लागत नाहीत. तेवढा वेळ सर्व्हरचा थ्रेड सीपीयूवरून उतरला की लॉस. आमचे ते तीन टक्के हेच होते. सर्व्हरवर आरमेम मॅक्स वाढवून बफर ४ एमबी केला, आणि लाइन एकदम ‘सुधारली’.

यूडीपीचं खोटं कनेक्शन

यूडीपीत ‘अ‍ॅक्सेप्ट’ नसतं, पण टूलला प्रत्येक स्ट्रीमसाठी वेगळं सॉकेट हवं असतं. आयपर्फ३ ची युक्ती अशी. क्लायंट ४ बाइटची हाक मारतो. सर्व्हर ती ऐकणाऱ्या सॉकेटवर घेतो, हाक मारणाऱ्याच्या पत्त्याला तेच सॉकेट ‘कनेक्ट’ करतो, म्हणजे ते आता त्या एकाचंच झालं. मग त्याच पोर्टवर नवं ऐकणारं सॉकेट उघडतो आणि शेवटी क्लायंटला ओ देतो.

ओ शेवटी देण्यातच सगळी मेख आहे. क्लायंट एका स्ट्रीमची ओ आल्यावरच दुसऱ्या स्ट्रीमची हाक मारतो. सर्व्हरनं ओ आधी दिली आणि नवं सॉकेट नंतर उघडलं, तर मधल्या फटीत दुसरी हाक येईल, तिला घेणारं कुणीच नसेल, कर्नल ‘पोर्ट बंद’ असा आयसीएमपी धाडेल आणि क्लायंटला ‘कनेक्शन नाकारलं’ दिसेल. पन्नासातून एकदा होणारा, कुणालाच न सापडणारा बग.

आता समजा हाकच वाटेत हरवली. क्लायंट ३० सेकंद थांबतो आणि हरतो. लॉस मोजायला आलेलं टूल पहिल्याच पॅकेटच्या लॉसला बळी पडतं, हे मला कायम विनोदी वाटत आलंय. दर सेकंदाला पुन्हा हाक मारा, ही सुधारणा सुचायला सोपी आहे, पण तिच्या पोटात दुसरा बग आहे. पहिली हाक पोहोचली आणि ओ हरवली असेल, तर दुसरी हाक आता कनेक्ट झालेल्या सॉकेटवर येते. डेटा वाचणारा कोड तिला डेटा समजतो. डेटा-पॅकेटचं शीर्ष किमान १२ बाइटचं असतं: सेकंद, मायक्रोसेकंद, क्रमांक. हाकेत आहेत ४. उरलेले ८ बाइट बफरमधल्या जुन्या कचऱ्यातून वाचले जातात, त्यातला क्रमांक कोट्यवधींत निघतो, आणि अहवालात ९९ टक्के लॉस. म्हणून आधी वाचणाऱ्या बाजूला ‘शीर्षापेक्षा लहान पॅकेट फेक, आणि हाक असेल तर पुन्हा ओ दे’ अशी तपासणी घाला. पुन्हा हाक मारण्याचा पॅच त्यानंतर. तपासायला उजव्या टोकाला नेटएमनं ३० टक्के गळती लावा आणि २०० वेळा छोटी चाचणी चालवा.

दार लावताना

वाचायचे बाइट शिल्लक असताना सॉकेट ‘क्लोज’ केलं, तर लिनक्स शांतपणे फिन (‘माझं पाठवून झालं’ ही खूण) पाठवत नाही, रीसेट (‘कनेक्शन तोडलं’) पाठवतो. समोरच्याकडे तुमचे आधीचे बाइट पोहोचले असले तरी त्यानं वाचण्याआधी रीसेट आला की ते हातचे जाऊ शकतात. कंट्रोलवर असं झालं तर अख्खी चाचणी नीट होऊन निकालाच्या वेळी ‘कनेक्शन रीसेट’. कंट्रोल बंद करताना आधी ‘शटडाउन’नं लिहिण्याची बाजू बंद करा, मग शून्य येईपर्यंत वाचा (वर टाइमआउट ठेवून), मग क्लोज. डेटा-सॉकेटवर मात्र एवढी शिष्टाई नको. चाचणी संपल्याची खूण झाल्यानंतर तिथे आलेला रीसेट ही चूक मानू नका, एवढं पुरे.

थ्रेड आल्यापासून आणखी एक पथ्य. एक थ्रेड ‘रीड’मध्ये अडकलेला असताना दुसऱ्यानं तेच सॉकेट क्लोज केलं तर पहिला जागा होतोच असं नाही. शटडाउननं होतो. आधी थ्रेड थांबवा, ‘जॉइन’ करा, मगच क्लोज. थ्रेड थांबवायला ‘पीथ्रेड कॅन्सल’ वापरण्याचा मोह होईल, पण अँड्रॉइडच्या सी लायब्ररीत तो कॉलच नाही. शटडाउन आणि एक ‘आता थांब’ असा अ‍ॅटॉमिक झेंडा सगळीकडे चालतो.

पॅच पाठवताना

एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच दुरुस्ती. सिलेक्टचा पोल केला आणि जाता जाता बफरचाही प्रश्न सोडवला, तर वेग बदलल्यावर तो कशानं बदलला हे तुम्हालाही सांगता येणार नाही. ‘मेक चेक’ हिरवं आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. त्यात टायमर, एककं अशा सुट्या भागांच्या चाचण्या आहेत, सॉकेटला त्यांचा हात फारसा लागत नाही. तुमची नेमस्पेसची स्क्रिप्टच पॅचसोबत जोडा. पॅच तपासणाऱ्याला बग स्वतःच्या यंत्रावर पाच मिनिटांत दिसला, तर निम्मं काम झालं. आधीचे आणि नंतरचे आकडे देताना दहा फेऱ्यांचे द्या, एकाच चांगल्या फेरीचा नको, आणि सोबत आरसीव्हीबफ एरर्सचा काउंटरही.

नवी सोय घालताना कंट्रोलवरच्या खुणांच्या बाइटला हात लावू नका. नवं काही सांगायचं असेल तर ते जेसनमध्ये नव्या नावानं घाला, म्हणजे जुनी आवृत्ती ते न वाचता पुढे जाते. आणि पाठवण्याआधी चार जोड्या चालवा: जुना-जुना, जुना क्लायंट-नवा सर्व्हर, नवा क्लायंट-जुना सर्व्हर, नवा-नवा. प्रत्येक जोडी टीसीपी, यूडीपी आणि उलट्या दिशेनं. मी तिसरी जोडी एकदा गाळली होती. यूडीपीच्या हाकेत बदल केला होता, आणि जुन्या सर्व्हरला माझी नवी हाक कळतच नव्हती. तो पॅच मुकाट्यानं मागे घेतला आणि हाकेचे चार बाइट होते तसे ठेवून पुन्हा लिहिला.